धावपट्टीखालची मोरी

पुराच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, धावपट्टीवरचं एक डबकं नाहीसं झालेलं ताईच्या लक्षात आलं.

डबकं तसं किरकोळच. चार माणसं पत्ते कुटायला बसतील एवढी जागा, जराशी खोलगट, धावपट्टीच्या मध्यापासून थोडी पूर्वेला. गेले दोन दिवस ते तिथे होतं आणि दर फेरीला ताईने त्याची आपल्या वहीत नोंद केली होती. पाऊस अजून धरून होता. आजूबाजूची डबकी काठोकाठ भरलेली होती. हे एकच कोरडं होतं.

तिने जीप थांबवली, रेनकोटची टोपी मागे सारली आणि खाली उतरली. डांबरात केसासारखी एक बारीक चीर गेलेली होती. तिच्या कडेने पाणी अगदी हळू, गोल फिरत आत उतरत होतं. ताईने जीपमधून पहार काढली. आधी दहा पावलं लांब जाऊन आपटली. आवाज टणक आला, हाताला झिणझिण्या आल्या. मग चिरेजवळ आपटली. तिथे हाताला काहीच जाणवलं नाही. रिकाम्या पेटीवर थाप मारावी तसा ढब्ब आवाज आला.

ताई वीस वर्षं हेच काम करत होती. दर तासाला पिवळ्या जीपमधून धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं आणि सुटलेला बोल्ट, दगड, मेलेला पक्षी, तडा, जे दिसेल ते टिपायचं. विमानतळावर लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत. खूश असले की संचालकसाहेबसुद्धा.

तिने वायरलेस उचलला. "टॉवर, ताई बोलतेय. धावपट्टी बंद कर."

वरच्या कंट्रोलरने वेळापत्रक चाळलं. "ताई, बारा पाचला मोठं विमान आहे."

"माहीत आहे. बंद कर. साहेबांना खाली पाठव."

ते विमान तिला माहीत नव्हतं असं कसं होईल? सगळ्या शहराचे डोळे त्याच्याकडे लागले होते. नदीने बांध फोडला त्याला तीन दिवस झाले होते. दोन्ही पूल बंद, रेल्वेचे रूळ पाण्याखाली, चारही बाजूंचे रस्ते तुटलेले. राजधानीला बाहेरच्या जगाशी जोडणारं एकच दार उरलं होतं, ते म्हणजे उंचवट्यावरचा हा विमानतळ. एरवी इथे पाहुण्या राष्ट्रप्रमुखांसाठी लाल गालिचा अंथरला जाई. जिंकून आलेल्या खेळाडूंना खांद्यावर घेतलं जाई. सीमेवरून सैनिकांच्या शवपेट्या आल्या त्याही इथेच. आता तीन दिवसांत एकेचाळीस विमानं उतरली होती, पाणी, पीठ, औषधं, होड्या घेऊन. बेचाळिसावं चार इंजिनांचं, सगळ्यात जड. त्यात पाणी उपसायचे पंप होते आणि ऑक्सिजनची साडेतीनशे नळकांडी.

त्या नळकांड्यांची वाट पाहणारी बाई ताईची धाकटी बहीण होती. विमानतळापासून वीस मिनिटांवरच्या सरकारी रुग्णालयात ती अतिदक्षता विभागाची मुख्य परिचारिका होती. सकाळीच तिचा फोन येऊन गेला होता. "ताई, विमान वेळेवर आहे ना? ओढूनताणून तीनपर्यंत पुरेल एवढंच आहे माझ्याकडे."

"वेळेवर आहे गं," ताई म्हणाली होती.

आता तिने फोन काढला तो घरी लावण्यासाठी. अप्पा, म्हणजे तिचे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. कुंपणापलीकडच्या कर्मचारी वसाहतीत तिच्याचजवळ राहत. जन्मभर याच विमानतळावर बांधकामाचे मुकादम होते आणि अजूनही जुनी माणसं त्यांना मुकादम म्हणूनच हाक मारत. त्यांना ऐकू कमी येई, म्हणून ताई ओरडूनच बोलली.

"अप्पा, जुना नाला धावपट्टीखालून नेमका कुठून जातो?"

"का?"

"सांगा ना."

"तिथे मोरी होती. ती बुजवली. कागदावर आहे तसं."

"कागदावरचं राहू द्या. इथे एक डबकं आटलंय. पहार मारली तर पोकळ वाजतंय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू कुठे उभी आहेस?" अप्पांनी विचारलं.

"तिथेच. पूर्वेकडच्या सातव्या पाटीसमोर."

"तिथून बाजूला हो," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज तिने असा कधी ऐकला नव्हता. "आधी बाजूला हो. मग मला न्यायला ये."

ताईने जीप अशी काही पळवली की कुंपणाच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम करायला हात उचलेपर्यंत ती पुढे गेली होती. अप्पा दारातच उभे होते. पायात जुने कामाचे बूट, हातात छत्री, आणि ती न उघडताच भिजत होते.

"आज येणारं किती वजनाचं आहे?" जीपमध्ये चढता चढता त्यांनी विचारलं.

तिने आकडा सांगितला. अप्पांनी पुढची दांडी घट्ट धरली आणि परत येईपर्यंत सोडली नाही.

साहेब येऊन पोचले होते. तीन रात्री झोपलेले नव्हते, पण दाढी गुळगुळीत केलेली होती. पाऊस लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक नकाशा त्यांनी गाडीच्या बॉनेटवर पसरला होता.

"ये ताई, बघ. ही मोरी. तू म्हणतेस तिथेच आहे, मान्य. पण हे काय लिहिलंय? 'दगड व काँक्रीटने पूर्ण भरली.' खाली सही, शिक्का, तारीख. चाळीस वर्षं यावरून मोठी विमानं जातायत. काल सात गेली."

"मग पाणी कुठे गेलं साहेब?"

"डांबराच्या थरात मुरलं असेल."

"दोन दिवस नाही मुरलं, आज मुरलं?" ताईने पहार त्यांच्यापुढे धरली. "तुम्ही स्वतः मारून बघा."

साहेबांनी पहार घेतली नाही. त्यांच्या खिशात फोन वाजत होता, त्यांनी तो न बघताच बंद केला. तो लगेच पुन्हा वाजला. "हे बघ, मी तुझा शत्रू नाही. पण मला वर उत्तर द्यायचंय. मंत्री दर दहा मिनिटांनी विचारतायत. 'पोकळ वाजतंय' असं सांगू त्यांना? साडेतीनशे नळकांडी परत पाठवली, कारण आमच्या ताईंना आवाज आवडला नाही, असं?" मग ते थांबले. "तुझीच बहीण आहे ना तिथे?"

"आहे."

"तरी?"

ताईने पहार जमिनीवर टेकवली. "तरी."

नियम साधा होता. धावपट्टी बंद करायचा अधिकार ताईला होता. उघडायची झाली तर साहेबांनी तिच्या वहीत सही करायची, म्हणजे पुढची जबाबदारी त्यांची. घड्याळात अकरा चौवेचाळीस झाले होते. साहेबांनी हात पुढे केला.

"दे वही."

तिने दिली. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. साहेबांनी पेनाचं टोपण दातांनी काढलं.

"साहेब," अप्पा म्हणाले. इतका वेळ ते जीपला टेकून उभे होते, म्हाताऱ्याला कशाला आणलं असंच सगळ्यांना वाटत होतं. "त्या नकाशावरची सही माझी आहे."

साहेबांनी वर पाहिलं.

"मोरी भरलेली नाही," अप्पा म्हणाले. "आत रिकामी आहे. माणूस उभा राहील एवढी. वर नुसता स्लॅब आहे आणि त्याच्यावर डांबर."

साहेबांनी पेन वहीवरून उचललं.

अप्पांनी सांगितलं ते थोडक्यात, कुणाकडेही न बघता. चाळीस वर्षांपूर्वी धावपट्टी वाढवायला काढली ती एका परदेशी पाहुण्यासाठी. त्यांचं विमान एवढं मोठं की तेव्हाच्या पट्टीवर मावणार नव्हतं. वाढवायची जागा नाल्यापलीकडे जात होती. नाल्यावर विटांची जुनी मोरी होती, ती दगड-काँक्रीटने भरून मगच वर काम करायचं असं ठरलेलं. भरायला तीन आठवडे लागणार होते. पाहुणे यायला राहिले होते अकरा दिवस.

"ठेकेदाराचा इंजिनिअर म्हणाला, तोंडं विटांनी बंद करा आणि स्लॅब टाका. पाहुणे परत गेले की बाजूने भोक पाडून भरू. मला म्हणाला, मुकादम, सही करा, नाहीतर तुमच्यामुळे देशाची लाज जाईल. मी केली."

"आणि नंतर?"

"नंतर बँड वाजला, फुलं उधळली, पेपरात फोटो आले. भरायचं कोणी काढलं नाही. मी पण नाही."

"चाळीस वर्षं?" साहेबांचा आवाज चिरकला. "मुकादम, चाळीस वर्षं तुम्ही गप्प?"

"आधी नोकरी जाईल म्हणून. मग मुली लहान होत्या म्हणून. मग वाटलं, एवढी वर्षं टिकली म्हणजे टिकली." अप्पांनी चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. "पण एकही विमान माझ्या कानातून सुटलं नाही साहेब. मला माणसांचं बोलणं नीट ऐकू येत नाही, पण चाकं टेकतात तो आवाज येतो."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. लहानपणापासून ती बघत आली होती, मोठं विमान उतरायला लागलं की अप्पा हातातला घास हातातच ठेवून थांबत. वर्दळ असली की जेवण ताटातच गार होई. दोघी बहिणींना वाटे, अप्पांना विमानांचं काय हे वेड! शाळेत त्या कौतुकाने सांगत.

वायरलेस खरखरला. "साहेब, टॉवर. विमान दहा मिनिटांवर आहे. दुसरीकडे वळवायचं असेल तर आत्ता सांगा. यापुढे त्यांना इंधन पुरायचं नाही."

साहेब अप्पांच्या अगदी जवळ गेले. "हे लेखी द्याल? कोर्टात उभं करतील तुम्हाला. पेन्शनवर येईल."

"इथेच देतो. पेन द्या."

साहेबांनी पेन त्यांच्या हातात ठेवलं आणि वायरलेस तोंडाशी धरला. दोनदा बटण दाबून सोडून दिलं. तिसऱ्यांदा बोलले.

"टॉवर. धावपट्टी बंद आहे. विमान वळवा."

दोन-तीन मिनिटांनी ढगांच्या वरून इंजिनांचा आवाज आला. कुणालाच काही दिसत नव्हतं, तरी सगळ्यांनी माना वर केल्या. आवाज मोठा होत होत डोक्यावर आला आणि मग दूर दूर जात पावसात विरून गेला.

ताईने धाकटीला फोन लावला. हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळावं असं तिला वाटत नव्हतं.

"विमान वळवलंय. धावपट्टी बंद केली."

"कोणी?"

"मी."

पलीकडे यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती. "किती वेळ?"

"माहीत नाही. इथून काही होतं का बघतोय."

"ताई, माझ्याकडे अकरा जण आहेत," धाकटी म्हणाली. रडणं नाही, ओरडणं नाही, फक्त एवढंच. "अकरा," आणि फोन ठेवला.

साहेब तोवर गाडीच्या टपावर मुठी आपटत होते. हेलिकॉप्टरं दोनच, ती छपरांवरची माणसं काढत होती आणि या ढगांत लांब जाऊच शकत नव्हती. रस्ता नाही, रेल्वे नाही.

"जुनी पट्टी," अप्पा म्हणाले.

"कुठली जुनी?"

अप्पांनी छत्रीने दाखवलं. टर्मिनलच्या मागे, जिथे बिघडलेली विमानं, मोडक्या शिड्या आणि सामानाच्या गंजक्या ट्रॉल्या उभ्या करत, तिकडे. "पहिला विमानतळ तोच. माझे वडील तिथे गवत कापायला होते. तेव्हा सगळा माळ होता, एक पत्र्याची शेड आणि वारा दाखवणारी कापडी पिशवी. आठवड्यातून दोनदा टपालाचं विमान यायचं, तेवढंच. मग लढाई लागली तेव्हा लष्कराने सहा महिने रोलर फिरवून ती पक्की केली. खाली नाला नाही, काही नाही, सगळा खडक. नऊशे मीटर आहे. मोठं उतरणार नाही, पण पंख्याचं उतरेल. जन्मभर तीच उतरत होती तिथे."

साहेबांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन लावला. वळवलेलं विमान तासाभराच्या अंतरावरच्या शहरात उतरणार होतं. तिथे पंख्याची दोन लहान विमानं उभी होती. वैमानिकांनी दोनच गोष्टी विचारल्या. पट्टी कोरडी आहे का? नाही. साफ आहे का?

"तीन वाजेपर्यंत होईल," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवून ताईकडे बघितलं. "होईल ना?"

साडेबाराला काम सुरू झालं. ताईने आजवर हजारो वेळा धावपट्टीवरून एकेक खडा उचलला होता. इथे नऊशे मीटरभर खडेच खडे होते. काचा, खिळे, भेगांतून उगवलेलं गुडघाभर गवत. माणसं होती वीस. तिने निवेदन करणाऱ्या मुलीला गाठलं. तीन दिवस ती मुलगी एकच घोषणा करत होती, की सर्व उड्डाणं रद्द आहेत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आता ती म्हणाली, "प्रवाशांनो, रुग्णालयासाठी ऑक्सिजन आणायचा आहे. दगड उचलायला माणसं हवीत. मागच्या दाराने या."

सहाशे प्रवासी अडकले होते. किती येतील याचा ताईला अंदाज नव्हता. दार उघडलं आणि माणसांचा लोंढाच बाहेर आला. उपाहारगृहातले आचारी एप्रनसकट आले. एक वकीलबाई उंच टाचांच्या चपला हातात घेऊन अनवाणी आली. हरवलेल्या बॅगेसाठी तीन दिवस खिडकीवर भांडून ज्याने सगळ्यांना सळो की पळो केलं होतं, तो जाडा गृहस्थ कचऱ्याची पिशवी घेऊन सगळ्यात पुढे होता आणि न विचारताच सगळ्यांना हुकूम सोडत होता. "ओ काका, तो खिळा कोण उचलणार? तुमचे मेहुणे?" ताईने त्यांची रांग लावली, खांद्याला खांदा, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "पाऊल टाकायच्या आधी खाली बघा. नखाएवढं दिसलं तरी उचला." ती रांग पावसात वाकून इंच इंच पुढे सरकू लागली. ट्रॅक्टर शिड्या आणि ट्रॉल्या ओढून नेत होते.

अडलं ते पावणेदोनला. पट्टीच्या बरोबर मध्ये एक जुनं विमान आठ वर्षं उभं होतं. त्याच्या टायरांतली हवा गेलेली, चाकं वर्षानुवर्षं साचलेल्या माती-गवतात रुतून बसलेली. ट्रॅक्टरने ओढलं तर साखळी तुटली. दुसरी लावली, तीही तुटली. अग्निशमन दलाचा प्रमुख कपाळाला हात लावून बसला.

ताईने घड्याळ पाहिलं. दोन वाजून पाच. पंख्याची विमानं भरायला घेतली होती.

"ओढू नका," अप्पा म्हणाले. "आधी उचला. चाकाखालचं उकरा, फळ्या सरकवा, मग ढकला. पुढून दोन ट्रॅक्टर, मागून माणसं." ते स्वतः गुडघ्यावर बसले आणि पहारीने चाकाखालची माती उकरायला लागले. ताईने अडवलं नाही. खाली बसून तीही उकरू लागली. बापलेकी शेजारी शेजारी, चिखलात. विचारायचं खूप होतं. विचारायला वेळ नव्हता.

विमान हललं तेव्हा दोन पन्नास झाले होते. मागे साठ-सत्तर माणसं पाठ लावून ढकलत होती. ते करकरत गवतात गेलं आणि एका पंखावर कलंडून पडलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रांग पुन्हा वाकली आणि उरलेला तुकडा वेचू लागली.

तीन बाराला धाकटीचा दोन शब्दांचा संदेश आला. "साठा संपला."

ताईने तो साहेबांना दाखवला नाही, अप्पांनाही नाही. फोन खिशात टाकला आणि पट्टीच्या कडेला केशरी शंकू मांडत गेली, कारण नुसतं उभं राहणं तिला शक्य नव्हतं.

पहिलं विमान तीन पस्तीसला ढगांतून बाहेर आलं. वाऱ्याने ते एका बाजूला ढकललं जात होतं. एकदा फारच खाली आलं, मग वैमानिकाने पुन्हा वर घेतलं आणि कडेला उभ्या असलेल्या शेकडो माणसांच्या तोंडून एकच "अगं आई!" निघालं. दुसऱ्या खेपेला चाकं टेकली. दोन्ही बाजूंना पाण्याच्या भिंती उडाल्या. विमान धावत राहिलं, धावत राहिलं, आणि पट्टी संपायला शंभर पावलं असताना थांबलं. दार उघडायच्या आत रुग्णवाहिका खाली जाऊन उभी होती.

नळकांडी रुग्णालयात पोचली ती चार वाजून दोन मिनिटांनी.

मधल्या पन्नास मिनिटांत धाकटीच्या विभागात काय झालं ते ताईला दुसऱ्या दिवशी कळलं. परिचारिका, सफाई कामगार, नातेवाईक, जो हाताशी आला त्याच्या हातात रबरी फुगा देऊन त्यांनी अकरा जणांना हाताने दाबून दाबून श्वास दिला होता. हात सुन्न झाले की पुढचा माणूस. दहा जण वाचले. तीन चाळीसला एक जण गेला. बावन्न वर्षांचा बसचालक. पुराच्या पहिल्या दिवशी बसमधून चौतीस माणसं बाहेर काढून शेवटी स्वतः बुडता बुडता सापडला होता.

धावपट्टी बंद केली त्याच दिवशी, उजेड होता तोवर अग्निशमन दलाने चिरेजवळ डांबर कापलं होतं. दोन हात खाली स्लॅब लागला, त्याला आडवा तडा. भोकातून बॅटरी सोडली तेव्हा मोरीची अर्धी कमान ढासळलेली दिसली आणि खालून पुराचं पाणी नदीसारखं वाहत होतं. विटांनी बंद केलेली तोंडं पाण्याने कधीच फोडली होती. साहेबांनी आत वाकून पाहिलं आणि तिथेच ओल्या डांबरावर बसले.

ताईला वाटलं, आता तरी मनाला स्वस्थता येईल. आली नाही. दीड महिन्याने चौकशी समितीचा अहवाल आला, त्यात लिहिलं होतं की स्लॅबने आणखी एखादं विमान पेललं असतं, कदाचित चार, कदाचित एकही नाही. निश्चित सांगता येत नाही. ताईने ते वाक्य इतक्या वेळा वाचलं की तिला ते पाठ झालं.

त्या दिवसानंतर धाकटी आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी घरी आली, अप्पांच्या समोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही एकदा, एकदा जरी कुणाला सांगितलं असतं." अप्पांनी मान हलवली. बचाव केला नाही. मग ती ताईकडे वळली. "तुला मी दोष देत नाही. पण त्याच्या छातीवर माझा हात होता गं." ताईने तिला जवळ घेतलं.

अप्पांचा जबाब पेपरात छापून आला. कोणी त्यांना शूर म्हटलं, कोणी गुन्हेगार. निवृत्त कामगारांच्या संघटनेने कार्यालयातला त्यांचा फोटो उतरवला. ठेकेदार आणि त्याचा इंजिनिअर केव्हाच वारले होते, त्यामुळे खटला उभा राहिला तो एकट्या अप्पांवर. पेन्शन निम्मी झाली. वयाकडे बघून तुरुंग टळला. जाबसाल चालू असताना वकील म्हणाला, सांगा की दबाव होता. अप्पा म्हणाले, "दबाव अकरा दिवस होता. त्याच्यापुढचं माझं."

निकाल लागला त्या आठवड्यात ते ताईला म्हणाले, "त्या बसचालकाच्या घरी जायचंय."

"कशाला अप्पा? जखमेवर मीठ चोळायला?"

"जायचंय."

पत्ता धाकटीने दिला आणि तीही बरोबर आली. बस डेपोमागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार उघडलं ते त्याच्या बायकोने. पन्नाशीची, सडपातळ, हाताला कणीक लागलेली. धाकटीला तिने ओळखलं. अप्पांनाही ओळखलं, पेपरातल्या फोटोवरून. तिचा चेहरा आवळला गेला. तिने त्यांना आत या म्हटलं नाही, दारही लावलं नाही.

"माफी मागायला आलात?" तिने विचारलं.

अप्पांना ऐकू गेलं नाही. ताईने त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं.

"नाही," अप्पा म्हणाले. "ती मागायला मला तोंड नाही. काय झालं ते सांगायला आलोय. पहिल्यापासून. कोर्टात सांगितलं, पण तुम्ही तिथे नव्हता."

त्या बाईने बोटांना चिकटलेली कणीक खरवडली. खाली डेपोत एक बस सुरू होऊन बाहेर पडली, तिचा आवाज जिन्यातून वर आला.

"हात धुवून येते," ती म्हणाली. "बसा."